झेंड्याची घडी आणि सागाची फळी

ताई, नमस्कार.

मी ४३ वर्षांचा. पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो, नोकरी कॉम्प्युटरवरची. लॉकडाउनमध्ये घरातली एक डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त करायला म्हणून करवत हातात घेतली आणि तेव्हापासून लाकडाचं वेड लागलं. पार्किंगमधल्या माझ्या जागेत आता गाडीऐवजी कामाचं टेबल आहे. रविवार बाजारहाट आणि मुलीच्या क्लासमध्ये जातो. आख्खा दिवस हाताशी येतो तो २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. त्या दिवशी सकाळी सातला खाली उतरतो, तो अंधार पडल्यावरच वर येतो.

आमचे अण्णा ७२ वर्षांचे. माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षक होते. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. गेल्या २६ जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन चालू होतं आणि मी वीस पावलांवर मशीनवर फळी कापत होतो. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर मशीन बंद केलं, पण अण्णांनी पाहिलं होतं. घरात आल्यावर एवढंच म्हणाले, "एवढ्यासाठी सुट्टी मिळते होय?" त्यानंतर ते माझ्या टेबलाकडे फिरकलेले नाहीत. आधी रोज संध्याकाळी येऊन उभे राहायचे.

दुसरं. कमिटीनं यंदा १५ ऑगस्टला मुलांना वाटायला लाकडी तिरंगा कोस्टर मागितलेत, साठ नग. मधे अशोकचक्र, खाली सोसायटीचं नाव. मला वाटलं, देशाच्या नावानं काहीतरी होईल, अण्णांनाही बरं वाटेल. पण ऐकून ते गप्पच झाले.

तिसरं सांगायला लाज वाटते. आमच्या स्वयंपाकघराचं काम केलेल्या सुतारमामांना मी माझं टेबल हौसेनं दाखवलं. त्यांनी सांध्यांवरून हात फिरवला, छान म्हणाले, आणि जाता जाता म्हणाले, "तुमची हौस हाय साहेब, आमचं पोट हाय." रंधा मारताना ते वाक्य रोज कानात वाजतं. मी नुसता खेळ करतोय का? आणि या सुट्टीच्या दिवशी मी नेमकं करावं तरी काय?

— हौशी सुतार, पुणे

प्रिय हौशी सुतार,

कोस्टरपासून सुरुवात करते, कारण त्याला तारीख आहे. ते करू नका. कमिटीला आजच सांगा.

राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा जो कायदा आहे, त्यात राष्ट्रध्वज म्हणजे नुसतं कापड धरलेलं नाही. कुठल्याही वस्तूवर काढलेली किंवा कुठल्याही वस्तूपासून केलेली ध्वजाची दिसणारी प्रतिकृती, अगदी त्याच्या एखाद्या भागाचीसुद्धा, ध्वजातच मोडते. म्हणजे तुम्ही लाकडाच्या गोल तुकड्यावर केशरी, पांढरा, हिरवा पट्टा देऊन मधे चक्र काढलंत की तो ध्वज झाला. ध्वजावर अक्षरं लिहायची नाहीत, त्यामुळे सोसायटीचं नाव तिथंच बाद. काही ठेवायला, द्यायला, वाहून न्यायला ध्वज वापरणं हाही अवमान. आणि कोस्टरवर काय ठेवतात? चहाचा कप. त्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ बरोबर चक्रावर उमटणार. महिन्याभरात यातले निम्मे गॅसच्या ओट्यामागे, निम्मे कचऱ्याच्या डब्यात. अण्णा गप्प का झाले ते मला दिसतंय. १५ ऑगस्टच्या दुपारी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे एकेक करून उचलणारे शिक्षक तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. अण्णा त्यांतलेच असणार. तुम्ही उत्साहानं सांगत होतात आणि त्यांना साठ झेंडे जमिनीवर पडलेले दिसत होते.

मुलांना द्यायचंच असेल तर साधे, बिनरंगाचे तुकडे द्या. साग, शिसवी, आंबा, बाभूळ, फणस. पाच झाडांची पाच लाकडं, मागं पेन्सिलीनं झाडाचं नाव. फणसाचं लाकूड पिवळं असतं आणि बाभूळ हातात घेतल्यावर जड लागते, हे आजकाल शहरातल्या मुलांना कुठून कळणार? ताजं कापलेलं प्रत्येक लाकूड मुलांच्या नाकाशी धरा. पण हे १५ ऑगस्टच्या आत साठ जणांसाठी होणार नाही, आणि ते होऊही नये. दिवाळीला द्या.

आता अण्णा. इथं मला थोडं घरातलं सांगावं लागेल.

माझे यजमान बँकेत होते आणि सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करत. १९८८ ची १५ ऑगस्ट. आमची लेक तिसरीत होती, शाळेच्या झेंडावंदनाला लेझीमच्या पहिल्या रांगेत होती. यांनी आदल्या रात्री एका स्टुलाचे पाय तासून ठेवले होते. फेविकॉल मिळत होता, पण यांना सरसच आवडायचा. सकाळी उठून गरम पाण्यात सरसाचं भांडं ठेवलं, "दहा मिनिटांत येतो, तुम्ही व्हा पुढं," म्हणाले. सरसाचं गणित असं की तो गरम असेपर्यंतच सांधा बसवायचा. एक पाय तिरका बसला, तो काढून पुन्हा लावायला घेतला, तोवर सरस थिजला, पुन्हा तापवला. शाळेत लेझीम सुरू झाली तेव्हा लेक मान वळवून वळवून फाटकाकडे बघत होती. तिचा ठेका दोनदा चुकला. हे आले तेव्हा खाऊवाटप चाललं होतं. स्टूल छान झालं. अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. पण लेकीनं ते कधीच वापरलं नाही. घरी येते तेव्हा आजही उभ्यानंच चहा पिते किंवा पाट घेते. तिला आज विचारलं तर कारणही सांगता यायचं नाही कदाचित.

त्या दिवसापासून यांनी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला: सणाच्या आणि राष्ट्रीय सुट्टीच्या सकाळी चिकटवण्याचं काम काढायचं नाही. तो नियम तुम्हाला जसाच्या तसा देते. चिकटवण्याचं काम एकदा सुरू झालं की मधे सोडता येत नाही, आणि झेंडावंदनाची वेळही आपल्यासाठी थांबत नाही. कापणं, रंधणं, धार लावणं कधीही खाली ठेवता येतं.

गेल्या जानेवारीत तुम्ही राष्ट्रगीताला मशीन बंद केलंत, म्हणजे मनात आदर होता. पण अण्णांना आदराबद्दल शंका नव्हती, त्यांना तुमची जागा खटकली. त्यांचा मुलगा रांगेत नव्हता. ३४ वर्षं ज्या माणसानं तेरा तारखेपासून झेंड्याची तयारी केली, खांबाभोवतीच्या दगडांना गेरू-चुना लावला, पावसात दोरी फुगून कप्पीत अडकेल म्हणून दोनदा ओढून बघितली, फुलं घालून गाठ अशी मारली की एका झटक्यात सुटावी, त्या माणसाच्या घरातलाच माणूस वीस पावलांवर पाठ करून उभा. त्यांनी तुम्हाला एक वाक्य ऐकवलं, ते फार संयमानं ऐकवलं असं मी म्हणेन.

माफी मागा असं मी सांगत नाही. आपल्याकडे बापलेकांत माफीचे शब्द नीट निघत नाहीत, आणि निघाले तरी दोघांना अवघडल्यासारखं होतं. त्यांना एक प्रश्न विचारा. "अण्णा, तुमच्या लहानपणी शाळेत मूलोद्योगाला काय होतं?"

हा प्रश्न मी उगीच सुचवत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. मुलानं हातानं काम करावं आणि त्या कामातून गणित, भाषा, विज्ञान शिकावं, असा तो विचार. सूतकताई-विणकाम, शेती आणि सुतारकाम ही त्यातली हाताची कामं. स्वातंत्र्यानंतर आपल्या भागात त्यालाच मूलोद्योग म्हणू लागले. आजही सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत शाळेच्या कमानीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी अक्षरं दिसतात, ती त्याच काळाची खूण. अण्णा ७२ वर्षांचे, म्हणजे साठच्या दशकात प्राथमिक शाळेत. सूत काढायची टकळी त्यांनी नक्की फिरवली असेल. रंधाही धरला असेल, कुणी सांगावं. तुम्ही कधी विचारलंय का?

याच्याही मागं जाऊ. १९१० साली जोहान्सबर्गजवळ हर्मान कॅलनबाख यांनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी सुमारे ११०० एकरांची जमीन दिली, ते टॉल्स्टॉय फार्म. तिथं बाकांपासून पेट्यांपर्यंत लागेल ते सगळं तिथल्याच माणसांनी तयार केलं. सुतारकामाची देखरेख स्वतः कॅलनबाख करत, ते पेशानं वास्तुविशारद होते. आणि तुमच्या गावातलंच सांगते. १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींच्या डोक्यात प्रवासात नेता येईल असा चरखा घोळत होता. त्यातून जो पेटीचरखा आला त्याला आजही येरवडा चरखाच म्हणतात. मिटला की लाकडी पेटी, उघडला की आत दोन चाकं. कधी संधी मिळाली तर तो तुमच्या नजरेनं बघा. कोपऱ्यांचे सांधे, चाकांची खोली, झाकण बसवण्यातली अचूकता. स्वातंत्र्याच्या लढ्यातली ती वस्तू शेवटी कुणा सुताराच्या हातूनच उतरली.

म्हणून मला तुमच्या घरातलं भांडण खरं वाटत नाही. अण्णांचा झेंडा आणि तुमचं टेबल एकाच शाळेतले आहेत. अण्णा त्या शाळेत शिकले आणि त्यांनी शिकवलंही, तुम्ही तिथं चाळिशीत दाखल झालात. फक्त तुमची ओळख कुणी करून दिलेली नाही.

ती ओळख बोलून होणार नाही, काम काढावं लागेल. माझ्या मनात एक काम आहे. तुमच्या सोसायटीचा झेंडा वर्षभर कुठं असतो हो? बहुतेक सोसायट्यांत तो वॉचमनच्या केबिनमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाण्याच्या मोटरच्या चावीशेजारी असतो. मी राहते तिथंही तीन वर्षांपूर्वीपर्यंत तसाच होता, एका कोपऱ्याला बुरशीचे ठिपके पडले तेव्हा कुठं लक्ष गेलं. त्याच्यासाठी पेटी करा. साठ कोस्टरांऐवजी एक पेटी.

आणि ती १५ ऑगस्टला पूर्ण करायची नाही. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, अशा दोन सुट्ट्यांत करायची.

१५ ऑगस्टची सकाळ लाकडाची नाही, हे ठरलं. सात वाजता खाली उतराच, पण हातात रंधा नको. अण्णांबरोबर दोरी बघा. त्यांना गाठ मारू द्या आणि तुम्ही ती शिका. झेंड्याची शिवण जवळून बघा: खादीचा प्रमाणित ध्वज असेल तर वरच्या टोकाला दोरी अडकवायला लाकडाची छोटी खुंटी असते. आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत असे ध्वज तयार होतात. आता नियमानं पॉलिस्टरचा आणि मशीनवर शिवलेला झेंडाही चालतो, पण अण्णांना कुठला आवडतो हे मी न विचारता सांगेन.

दुपारी टेबलाशी बसा, पण मशीन नको. सुट्टीच्या दुपारी अख्खी सोसायटी घरात असते आणि पार्किंगमध्ये आवाज घुमतो. रहिवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तुमची करवत ती कुठल्या कुठं ओलांडते. हातरंध्याचं काम काढा. लाकूड वखारीतून नवं घेण्यापेक्षा जुन्या वाड्याचं सागवान मिळतं का बघा. पुण्यात वाडे पाडतात तेव्हा तुळया, चौकटी, दारं विकायला येतात. ते लाकूड कित्येक दशकं मुरलेलं असतं. मात्र रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. आत तुटलेला खिळा असला तर पात्याला खोक पडलीच म्हणून समजा. वरचा काळपट थर निघाला की खालून जो मधासारखा रंग येतो आणि जो वास सुटतो, त्या वेळी अण्णा जवळ असावेत असं मला मनापासून वाटतं. बोलवू नका. खुर्ची एक जास्तीची ठेवा, झालं.

सांधे मात्र या दिवशी कापू नका. श्रावणातली हवा तुम्हाला मी सांगायला नको, कपाटाचा ड्रॉवर अडकतो तो याच दिवसांत. फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. ऑगस्टमध्ये घट्ट बसतो म्हणून ड्रॉवर तासला की जानेवारीत तो खुळखुळतो, हे तुमच्याही हातून एकदा झालं असेलच. तर आत्ता ढोबळ रंधून जाडी दोनतीन मिलिमीटर जास्त ठेवा, फळ्यांच्या मधे सारख्या अंतरावर पट्ट्या घालून रचून ठेवा, हवा खेळू द्या. रंध्याला आणि पटाश्यांना तेलाचा हात द्या, नाहीतर दोन दिवसांत तांबूस ठिपके.

२ ऑक्टोबरला सांधे कापा. त्या दिवशी हातानं काम करण्याइतकं समर्पक दुसरं काय असणार? तळाची फळी चारही बाजूंच्या खाचेत नुसती बसवा, चिकटवू नका. पावसाळा नुकताच सरलेला असेल, फळी अजून फुगलेलीच असेल, म्हणून रुंदीला फार मोकळीक ठेवू नका. थंडीत ती आकसेल, तेवढ्यासाठी खाच खोल हवी, म्हणजे कडेला फट दिसणार नाही. बिजागऱ्या पितळी घ्या, लोखंडी गंजतात आणि खादीवर डाग पडतो. बाहेरून लाखेचं पॉलिश द्या, पण दसरा झाल्यावर, कोरड्या दिवशी. दमट हवेत ते पांढरं पडतं. आतून काही लावू नका, बंद पेटीत वास कोंडतो आणि कापड तो धरून ठेवतं. आत मांजरपाटाचं अस्तर पुरे. झाकणावर चक्र कोरायचा मोह होईल. कोरू नका, कारण वर सांगितलंच. झाकण कोरं ठेवा, सागाच्या रेषा पुरेशा आहेत.

खंडेनवमीला मात्र हत्यारं मांडून ठेवा आणि त्या दिवशी एकालाही हात लावू नका. अण्णांना हेही आवडेल.

आता सुतारमामा. त्यांचं वाक्य कानात वाजतं म्हणता, तर वाजू द्या, ते बंद करायचा उपाय मी देणार नाही. ते खरं बोलले. तुम्ही विचारता, मी खेळ करतोय का? हो. तुमच्या घरची चूल त्यावर पेटत नाही, म्हणून तो खेळ. मन लावून केलेला खेळ वाईट नसतो. पण ज्याच्या पोटाचं ते काम आहे त्याच्यासमोर तो कसा खेळायचा, याला काही रीत हवी.

आपल्या गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांत. नांगर, कुळव, गाड्याचं चाक, घराची तुळई, सगळं त्याच्याकडे, आणि मोबदला सुगीला धान्यात. त्याच्या मुलाला रंधा हातात घ्यायचा की नाही हे कुणी विचारलं नाही, आणि तो खाली ठेवायची मुभाही नव्हती. तुम्ही आवड म्हणून उचललात आणि कंटाळा आला तर उद्या ठेवून द्याल. मामांच्या 'हौस' या शब्दात एवढं सगळं आहे. त्यात राग होता असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांनी आधी सांध्यांवरून हात फिरवला, छान म्हणाले. वाईट काम असतं तर कारागीर हात फिरवत नाही.

आणि सुट्टीचंच बघा. महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या आहेत. तुम्हाला त्या मिळतात. रोजावर जाणाऱ्या मामांना त्या दिवशी काम नसलं तर रोज नाही, आणि काम असलं तर सुट्टी नाही. झेंडा दोघांचाही आहे, पण त्या दिवसाचा पगार एकालाच.

म्हणून माझं म्हणणं असं. पेटीचे सांधे कापण्याआधी ते शिकायला मामांना एक दिवस बोलवा, राष्ट्रीय सुट्टीला नव्हे, साध्या शनिवारी, आणि त्यांचा पूर्ण रोज द्या, शिकवण्याचा म्हणून द्या. "जरा बघून जा ना मामा" असं फुकटात नको. तुम्ही कॉम्प्युटरचं काम कुणाला फुकट शिकवता का? ते पटाशीला धार लावताना मनगट कुठं टेकवतात, फळीची दिशा डोळ्यांनी कशी ओळखतात, हे पडद्यावर बघून येत नाही. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामाला तुमच्या टेबलाशी किंमत मिळू द्या.

दुसरं, सोसायटीत कुणी म्हणालं, "आम्हालाही एक शू-रॅक करून द्या, लाकडाचे पैसे देतो," तर नाही म्हणा आणि मामांचा नंबर द्या. हे मी फार कळकळीनं सांगते. हौशी माणूस नुसत्या लाकडाच्या भावात वस्तू देऊ लागला की आजूबाजूच्या लोकांना सुताराची मजुरी महाग वाटू लागते. तुमची मजुरी शून्य आहे कारण तुमचा पगार दुसरीकडून येतो, त्यांचा येत नाही.

तिसरं, पीएम विश्वकर्मा योजनेत मामांची नोंदणी झालीय का, एवढं विचारा. ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत ५०० रुपये रोज, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढं कमी व्याजाचं कर्ज, असं तिचं स्वरूप. फॉर्म, आधार, ओटीपी यात हाताचे कारागीर अडकतात. तिथं मात्र तुमची नोकरी खरोखर कामाला येईल. अर्धा तास बसा त्यांच्याबरोबर.

आता १५ ऑगस्टची संध्याकाळ, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली.

सकाळी झेंडा चढवायला शंभर माणसं असतात. उतरवायला वॉचमन असतो. हल्ली नियम बदललाय, झेंडा रात्रीही फडकत ठेवता येतो, पण अण्णांची सवय सूर्यास्ताची असणार आणि तुमच्या सोसायटीतही तो संध्याकाळीच उतरत असेल. पुण्यात त्या दिवशी सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसहाला हात धुऊन, कपड्यांवरचा भुसा झटकून खाली उभे राहा, मुलीला घेऊन. अण्णांना म्हणा, "पेटीचं माप घ्यायचंय. घडी तुम्ही घालून दाखवाल का?"

घडीची रीत अशी. झेंडा आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत आणायचा, असा की वर फक्त अशोकचक्र आणि थोडा केशरी, थोडा हिरवा दिसेल. तो दोन्ही तळहातांवर न्यायचा, काखेत नाही. सोसायट्यांत बहुधा १३५० बाय ९०० मिलिमीटरचा झेंडा असतो. त्यात प्रत्येक पट्टा ३०० चा, चक्र २८० चं. म्हणजे घडी साधारण एक फूट चौरस येईल आणि पेटी आतून ३४० बाय ३४० च्या आसपास लागेल. पण माझ्या आकड्यांवर लाकूड कापू नका. तुमचा झेंडा वेगळ्या मापाचा असेल, आणि अण्णांच्या हातची घडी माझ्या हिशेबापेक्षा घट्ट असेल.

घडी टेबलावर ठेवा, दुपारी रंधलेल्या तळाच्या फळीवर, खाली स्वच्छ कापड घालून. टेप तुम्ही धरा, पेन्सिल अण्णांना द्या. लांबी, रुंदी, उंची त्यांना त्या फळीवरच लिहू द्या, तारखेसकट, आणि फळीची ती बाजू पुन्हा रंधू नका.